सून म्हणजे लवकर

मेथीचा वास आला की मला इंग्रजी शब्द आठवतात.

हे कुणाला सांगितलं की हसतात. पण परवा जळगाव जामोदच्या बाजारात एका भाजीवालीनं पाणी मारलेली मेथीची जुडी माझ्या हातात ठेवली, आणि त्या हिरव्या, कडवट, मातीच्या वासामागून 'अर्ली' आला, 'डेली' आला, 'वेस्ट' आला. त्यांच्या पाठोपाठ आमचा मळा आला. पाटातून येणारं पाणी, मोटेच्या चाकाची कुरकुर, आणि पदर कमरेला खोचून वाफ्यात उकिडवी बसलेली माझी वच्छलावहिनी. बाजाराच्या पत्र्यांवर सातपुड्याची निळी रेघ तशीच होती. "घ्या नं बाई, आताच मळ्यातून आली," भाजीवाली म्हणाली. मी जुडी नाकाशी धरून उभीच. साठ वर्षं ओलांडून आलेल्या माणसाला लगेच बोलता येत नाही.

आमचं गाव जळगाव जामोदपासून कोसभर. मळा गावाच्या उत्तरेला, डोंगराच्या बाजूला. वांगी, मिरची, मेथी, आणि सांबार. सांबार म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर. तिकडचे लोक आमच्या तोंडून हा शब्द ऐकून अजूनही गोंधळतात. बाबा मी लहान असतानाच गेले होते. माझा भाऊ, दादा, मोट हाकायचा. माय घर आणि मळा दोन्ही चालवायची. वहिनी तिच्या हाताखाली. आणि मी जळगावला पायी शाळेत जायचे, आठवीत. महाराष्ट्र होऊन चारपाच वर्षं झाली होती. शाळेतल्या भिंतीवरचा नकाशा नवा होता, आणि त्याच्या कोऱ्या कागदाचा वास अजून गेला नव्हता.

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. वेळ नव्हता असं नाही. वेळ भरपूर होता, फक्त त्याला आकडे नव्हते. झुंजूमुंजू झालं की माय उठायची. दिवस कासराभर वर आला की दादा मोट जुंपायचा. सावली पायाशी आली की भाकरी सोडायच्या. उन्हं कलली की जुड्या बांधायच्या, आणि गाई घराकडे वळल्या, त्यांच्या खुरांची धूळ पिवळी होऊन वाटेवर तरंगायला लागली, की दिवस संपला. त्या धुळीचा वास, चुलीत नुकत्या पेटलेल्या पळाट्यांचा वास, आणि दूर कुठेतरी कुणीतरी वासराला घातलेली हाक. कापसाच्या त्या सुक्या काड्या आता कुणी चुलीत घालत नाही, आणि तशी हाकही मी पुन्हा ऐकली नाही.

वहिनीचं आणि दादाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. ती सातवी पास होती, आणि हे आमच्या गावात अप्रूप होतं. त्या वर्षी भाद्रपदात तिचं पहिलं बाळंतपण अडलं. बैलगाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं. नाल्याला पाणी होतं. लेकरू गेलं, ती राहिली. याहून जास्त आमच्या घरात कुणी बोललं नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. मेथीचे पहिले वाफे काढणीला आले होते. शाळेतून येऊन मी वहिनीच्या शेजारी बसून मेथी उपटत होते. मुळांची माती झटकायची, मूठ करायची, केळीच्या सोपटानं बांधायची. दोन महिन्यांत वहिनी आपणहून फारशी बोलली नव्हती. त्या दिवशी एकदम म्हणाली, "बाई, तुम्हाले इंग्रजी येते नं?"

"येते थोडंसं."

"मंग सांगा, 'टू लेट' हा कोणता रोग असते?"

माझा हात थांबला.

"डॉक्टरसायेब माह्याकडे पाहून कंपाउंडरले म्हणे, टू लेट. म्या थो शब्द ध्यानात ठेवला. उद्या दुसऱ्या कोणाले झाला तं वळखू आला पाह्यजे."

मी चौदा वर्षांची होते. मातीकडे बघत म्हटलं, "रोग नाही वं वहिनी. टू लेट म्हणजे लय उशीर झाला."

तिनं हातातली जुडी बांधली, टोपल्यात ठेवली. आणखी एक बांधली. पाटातलं पाणी पुढच्या वाफ्यात शिरलं, कोरड्या मातीनं ते पिताना होतो तसा बारीक आवाज झाला. मग ती म्हणाली, "म्हणजे याच्यावर दवा हाय."

"कोणती दवा?"

"लवकर येणं." माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "लवकरले काय म्हणते इंग्रजीत?"

"अर्ली. आन सून बी म्हणते."

"सून?"

"एस, ओ, ओ, एन. सून. सून म्हणजे लवकर."

वहिनी हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आधी ओठ दाबून, मग पदर तोंडाला लावून, मग चक्क खांदे हलवून. "बरोबरच हाय! सुनेले लवकरच उठा लागते नं बाप्पा!" आणि हसता हसता डोळे पुसून म्हणाली, "मले शिकवा. टाइमाचे जेवढे शब्द असतीन तेवढे समदे."

आमचे इंग्रजीचे सर अमरावतीकडचे होते. सायकलवरून यायचे, आणि रोज फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात पाच शब्द लिहायचे. मी त्यांना विचारलं, वेळेचे शब्द किती असतात? त्यांना वाटलं मलाच हवेत. त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर पहिले वीस लिहून दिले. मग पुढचे वीस. मी ती यादी पोलक्यात घडी करून मळ्यात न्यायची. कागद ओल्या हातांनी मऊ पडायचा, शाई पसरायची, आणि घरी येईपर्यंत त्याला मेथी लागलेली असायची.

अशा त्या हिवाळ्यात शब्द आले. थंडी इतकी की पहाटे उपटलेल्या मेथीचं दव बोटांना चावायचं. 'मॉर्निंग', 'नून', 'इव्हिनिंग'. वहिनी प्रत्येक शब्द आधी जिभेवर फिरवून बघायची, मग हातातल्या कामाला बांधून टाकायची. जुडी बांधली की 'फिनिश'. टोपलं उचललं की 'स्टार्ट'. वांग्याच्या जांभळ्या फुलापाशी बसून 'वेट'. एकदा पंक्च्युअल हा शब्द आला तेव्हा ती अडून बसली. "पंक्चर झाली की तुमचे सर उशिरा येते. आन पंक्च्युअल म्हणजे टाइमावर? हे उलटं कसं?" मी सरांना विचारलं. ते वर्गात इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

"कोणाले शिकवून राह्यली तू?" त्यांनी विचारलं.

"माह्या वहिनीले."

तेव्हापासून याद्या मोठ्या अक्षरांत येऊ लागल्या, आणि खाली मराठीत अर्थही.

ओट्यावर आम्ही खडूनं घड्याळ काढलं. शेणानं सारवलेल्या हिरवट जमिनीवर पांढरा गोल, आणि तुरीच्या काड्यांचे दोन काटे, एक लांब, एक आखूड. दुपारी माय आडवी झाली की वहिनी काटे फिरवायची आणि मी विचारायची. "हाफ पास्ट थ्री." "क्वार्टर टू फाइव्ह." कोंबड्या त्या काट्यांवरून चालत जायच्या आणि पावणेपाचाचे भलतेच काही वाजायचे.

उन्हाळा आला. मिरच्या लाल झाल्या, अंगणात वाळत पडल्या, आणि साऱ्या गावाला शिंका लागल्या. त्या झणझणीत वासात आम्ही 'सेव्ह', 'स्पेंड' आणि 'वेस्ट' शिकलो. हे शब्द वहिनीला पटेनात. विहिरीवरच्या कडुनिंबाखाली ती बसलेली, मांडीवर सूप. "वेळ वाचवते म्हणजे कुठी ठेवते वो हे लोकं? कोठीत?"

"तसं नाही वं वहिनी. म्हणजे काम लवकर झालं तं उरलेला वेळ आपला."

"आपला?"

"हाव. आपला. फ्री."

तिनं सूप खाली ठेवलं. कडुनिंबाची फुलं तिच्या केसांत पडत होती, बारीक, पांढरी, मधाच्या वासाची. आपला वेळ. हा विचार तिला कुणी आधी सांगितला नसावा. दुसऱ्या दिवसापासून तिनं पहाटेचं सडासारवण आणि जात्याचं दळण अशा झपाट्यानं उरकायला सुरुवात केली की मायच चक्रावली. त्यातून सुटलेला वेळ ती कुठेही न सांडता माझ्यापाशी घेऊन यायची. कागद उघडायची. म्हणायची, "हं. सांगा."

मायला हे सगळं दिसत होतं. ती काही म्हणत नव्हती, पण भांडी जरा जोरात आपटायची. फक्त एक शब्द तिला आवडायचा. 'हरी अप'. मी वहिनीला घाई करायला म्हणायची, "हरी अप, हरी अप!" माय शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "इंग्रजी असलं म्हणून काय झालं, हरीचं नाव घेतेत दोघी. वाईट कसं असीन?"

आणि दादा. दादा बोलायचाच नाही. पण एकदा दुपारी विहिरीपाशी गेले तर तो बैलांना मागं सारताना हळूच म्हणत होता, "वेट रे ढवळ्या, वेट." मला बघून त्यानं तोंड फिरवलं. कान लाल झाले होते.

पावसाळ्याच्या तोंडावर सरांनी मला वर्गाबाहेर बोलावलं. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा होता. सातवी पास बायांना नर्सचं आणि दाईपणाचं दोन वर्षांचं शिक्षण, राहणं-जेवण तिथंच, मग जिल्ह्यातल्याच गावांत नेमणूक. निवड बुलढाण्याला. "तुह्या वहिनीले दाखव," ते म्हणाले. "घरच्यायले विचारून."

वहिनीनं तो तुकडा तीनदा वाचला. मग तो घेऊन ती सरळ मायसमोर गेली. माय परसात वांगी निवडत होती.

"आत्याबाई, मले इथी जायाचं हाय."

मायनं वाचायला येत नसतानाही तो कागद हातात घेतला, उलटासुलटा केला. सगळं ऐकून घेतलं. "दोन वर्सं?" ती म्हणाली. "लेकुरवाळी व्हायच्या वयात? आन लोकं काय म्हणतीन?" आणि किडकं वांगं बाजूला फेकून दिलं.

तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. इंग्रजीही नाही, मराठीही नाही. ओट्यावरचं घड्याळ सारवणात पुसलं गेलं. वहिनीनं ते पुन्हा काढलं नाही.

चौथ्या दिवशी मी मायबरोबर विहिरीवर धुणं धुवायला गेले होते. आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. माय दगडावर लुगडं आपटता आपटता थांबली.

"थे शिकून आली तं काय करीन?"

"बाळंतपणं," मी म्हटलं.

"कोणाचे?"

"ज्यायचे अडते त्यायचे."

माय लुगड्याचा पिळा हातात धरून तशीच उभी राहिली. त्यातून पाणी गळत होतं. "नाल्यावर गाडी थांबली तवा तिचं डोकं माह्या मांडीवर होतं," ती म्हणाली. "म्या पाच लेकरं जन्माले घातले. तिघं राह्यले नाई. तरी मले काई करता आलं नाई. हात होते, पण काय कराचं थे हातायले ठाऊक नव्हतं."

धुणं तसंच बादलीत टाकून ती घराकडे निघाली. मी मागं पळत. वहिनी अंगणात मिरच्या गोळा करत होती. माय दारातूनच ओरडली, "वच्छे! त्या मास्तरले अर्ज लिव्ह म्हणा. काय पाहून राह्यली माह्या तोंडाकडे? हरी अप!"

वहिनीच्या हातातून मिरच्या सांडल्या. ती मायच्या पायाशी वाकली, आणि माय तिला उठवता उठवता शिंकायला लागली. मग आम्ही तिघीही शिंकत होतो, हसत होतो, नाकं पुसत होतो. दादा मोट सोडून काय झालं बघायला धावत आला.

अर्ज गेला. श्रावणात उत्तर आलं, टाइप केलेलं. अमुक तारखेला बुलढाण्यास हजर राहावे, 'टेन ए एम शार्प'. दहा कळलं, एएम कळलं. शार्पवर आम्ही अडलो. माझ्या पुस्तकाच्या मागच्या शब्दार्थांत शार्प म्हणजे धारदार असं होतं.

"धारदार दहा वाजता?" मी म्हटलं.

वहिनी विचारात पडली. "म्हणजे दहाले धार हाय. जरा इकडंतिकडं झालं की कापते." सरांनी नंतर खरा अर्थ सांगितला, पण मला अजून वहिनीचाच बरोबर वाटतो.

आम्ही आदल्या दिवशीच निघालो, दादा, वहिनी आणि मी. पूर्णा ओलांडून नांदुरा, तिथं गाडी बदलायची, मग मोताळा, आणि मग राजूरचा घाट. मी पहिल्यांदाच घाट बघत होते. दोन्ही बाजूंना ओलं हिरवं रान, सागाची रुंद पानं, आणि खिडकीतून येणारा थंड वारा; आमच्याकडे असा वारा माघातही येत नाही. बुलढाण्यात ढग रस्त्यावर उतरले होते. वहिनीनं नवं हिरवं लुगडं पिशवीत घडी करून आणलं होतं, भिजू नये म्हणून.

धर्मशाळेत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आधीच आम्ही त्या कचेरीच्या फाटकाशी होतो. पहारेकरी म्हणाला, "बाई, हापिस दहाले उघडते."

"ठाऊक हाय," वहिनी म्हणाली. "आमी अर्ली आलो."

हळूहळू इतर बाया आल्या. दहाबारा असतील. कुणी खामगावची, कुणी मेहकरची. दोघी मॅट्रिक होत्या, त्यांच्या हातात पर्स होती, आणि त्या आपसात इंग्रजीत बोलल्यासारखं बोलत होत्या. वहिनीनं माझा हात धरला. तिच्या बोटांना मेथीचा हिरवा डाग कायमचा होता, कितीही चिंच लावली तरी न जाणारा. ती तो दुसऱ्या हातानं झाकायचा प्रयत्न करत होती.

निवड करणाऱ्या डॉक्टरीणबाई दक्षिणेकडच्या होत्या. पांढरी साडी, जाड काचांचा चष्मा. त्यांना मराठी जेमतेम यायचं. शेजारी कारकून बसून उलगडून सांगायचा. दाराला पडदा होता. आतलं सगळं ऐकू यायचं. मॅट्रिकवाल्या आत जाऊन आल्या. मग कारकुनानं वहिनीचं नाव पुकारलं. दादा व्हरांड्याच्या टोकाला उभा होता, पाठ करून, पावसाकडे बघत.

नाव, गाव, शिक्षण. कारकून मराठीत विचारत होता, वहिनी मराठीत सांगत होती. मग डॉक्टरीणबाईंनी भिंतीकडे बोट केलं असावं. "व्हॉट टाइम इज इट?"

कारकुनानं मराठी करायच्या आत वहिनी म्हणाली, "ट्वेंटी टू इलेव्हन."

मी पडद्याजवळ सरकले.

"यू नो इंग्लिश?"

"लिटिल. ओन्ली टाइम इंग्लिश."

डॉक्टरीणबाई हसल्या. "ऑल राइट. टेल मी, हाऊ डू यू स्पेंड युवर डे?"

स्पेंड! कडुनिंबाखालचा शब्द. मी डोळे मिटून घेतले.

"अर्ली मॉर्निंग आय वेक," वहिनी म्हणाली. "नो क्लॉक इन हाऊस. कोंबडा. आय फिनिश होम वर्क फास्ट. देन गार्डन, टिल नून. आय डोन्ट वेस्ट. आफ्टरनून नो रेस्ट. आफ्टरनून आय लर्न. माय सिस्टर टीच मी डेली. धिस टाइम इज माय टाइम."

असं वाक्य मी तिला शिकवलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचा आवाज आता वेगळा होता, हळू. "अँड व्हाय डू यू वॉन्ट धिस वर्क?"

या प्रश्नाची तयारी आम्ही केली नव्हती. पावसाचं पाणी पन्हाळीतून पडत होतं. कारकून म्हणाला, "मराठीत सांगितलं तरी चालीन, बाई."

"नाई," वहिनी म्हणाली. मग एकेक शब्द ठेवत गेली, वाफ्यात रोप लावावं तसा. "इन व्हिलेज, वुमन वेट. नर्स कम लेट. चाइल्ड नॉट वेट. आय विल कम सून. एव्हरी टाइम, सून."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. पडद्याच्या फटीतून मला एवढंच दिसलं की त्यांनी टेबलावरून हात पुढं केला आणि वहिनीचा हात, तो हिरव्या डागाचा हात, दोन्ही हातांत घेतला.

दुपारी कारकुनानं व्हरांड्यात उभं राहून यादी वाचली. सहा नावं. चौथं वहिनीचं. तिनं ऐकलं, तरी मला विचारलं, "माहंच नं?" मी मान हलवली. दादा लांबून आमच्याकडे बघत होता. मी चार बोटं दाखवली. त्याला काही कळलं नाही, पण तो हसायला लागला.

परतीच्या वाटेवर घाट उतरताना ड्रायव्हरनं एका वळणावर गाडी थांबवली, चाकं थंड व्हायला. माणसं खाली उतरली. पाऊस थांबला होता, दरीतून धुकं वर येत होतं, आणि ओल्या सागाचा, गवताचा, डिझेलचा मिसळलेला वास होता. दादा कठड्यापाशी गेला. आमचा दादा, जो चार माणसांत मान खाली घालून बसायचा, ज्यानं त्या काळच्या रीतीप्रमाणे बायकोचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळ्या दरीला ऐकू जाईल असा ओरडला,

"वच्छलाऽऽऽ!"

समोरच्या डोंगरानं ते नाव परत पाठवलं. एकदा, दोनदा, मग दूरवर अगदी बारीक. गाडीतली सगळी माणसं बघायला लागली. वहिनीनं पदर चेहऱ्यावर ओढून घेतला. पदराखाली ती हसत होती, हे मला तिच्या बांगड्यांच्या आवाजावरून कळत होतं.

तो घाट आता रुंद झाला आहे. मळ्याच्या जागी घरं झाली आहेत, विहीर बुजवली, कडुनिंब रस्त्यात गेला. इंग्रजीचे सर बदली होऊन गेले ते पुन्हा भेटले नाहीत. त्यांच्या याद्यांतली एकही माझ्यापाशी नाही. माय गेली, दादा गेला. चार वर्षांपूर्वी वहिनीही गेली. तिला शेवटचं पाहायला डोंगरपायथ्याच्या गावागावांतून माणसं आली होती, म्हातारी व्हायला आलेली, नातवंडं असलेली, आणि त्यातली कितीतरी तिच्याच हातांनी या जगात घेतलेली. मी त्यांच्याकडे बघत बसले होते. मला रडू येत नव्हतं. मला एक सकाळ आठवत होती.

दोन वर्षांचं शिक्षण संपवून वहिनीला पहिली नेमणूक मिळाली ती सातपुड्याला खेटून असलेल्या एका गावात. माझी मॅट्रिकची, तेव्हाच्या अकरावीची, परीक्षा नुकतीच झाली होती, म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले होते. चैत्राचे दिवस. रानात मोहाची फुलं पडली होती आणि त्यांचा गोड, आंबूस वास सगळ्या गावभर पसरला होता. वहिनीच्या अंगावर पांढरं पातळ होतं, मनगटावर दादानं घेऊन दिलेलं घड्याळ. गावात एक सून दिवस भरत आलेली होती. वहिनी महिनाभर तिच्या घरी फेऱ्या घालत होती. त्या दिवशी उजाडताच उठून म्हणाली, "चला बाई. आज तिच्याकडेच बसू." कुणी बोलवायला आलं नव्हतं.

सकाळभर आम्ही त्या घरात होतो. पाणी उकळलं, कपडे उकळले. ती पोरगी घाबरलेली होती, आणि वहिनी तिच्याशी सारखी बोलत होती, शेतातलं, माहेरचं, काहीबाही. तिचे हात मात्र एकदाही थांबले नाहीत. त्या हातांना आता सगळं ठाऊक होतं. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला, भिंतीवरून खाली सरकत बाजेपर्यंत पोचला. आणि मग ते लेकरू रडलं. मुलगी होती. काळीभोर, मुठी आवळलेली, साऱ्या घरावर रागावलेली.

बाळंतिणीची सासू, कमरेत वाकलेली म्हातारी, दारात उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कवा झालं म्हणून सांगू वं बाई लोकायले?" तिनं विचारलं. "गाई रानात गेल्यावर म्हणू?"

वहिनीनं मनगट उजेडात धरलं. "नऊ वाजून सतरा मिनिटं," ती म्हणाली.

"काय म्हणलं?"

"नऊ वाजून सतरा मिनिटं, आजी."

त्या गावात आजवर कुणाच्या जन्माला मिनिटं नव्हती. म्हातारीनं ते शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवले. मग काठी न घेताच अंगणात गेली, आणि तिच्या वाकलेल्या अंगातून कुठून एवढा आवाज आला कोण जाणे. "नऊ वाजून सतरा मिनिटं!" ती गल्लीला सांगत सुटली. "नात झाली वं! नऊ वाजून सतरा मिनिटं!"

आम्ही हात धुऊन, सामान उकळून, पिशवी भरून बाहेर आलो तोवर बातमी आमच्या पुढं गेली होती. सुताराच्या दारात माणसं एकमेकांना तो आकडा सांगत होती. विहिरीवर एक बाई दुसरीला विचारत होती, "सोळा का सतरा?" आणि दुसरी ठासून सांगत होती, "सतरा!" पोरं तेच ओरडत रस्त्यानं पळत होती. वहिनी त्या सगळ्यांच्या मधून चालली होती, ताठ, पिशवी खांद्याला, ऊन तिच्या पांढऱ्या पातळावर लखलखत होतं. मी तिच्या मागं. मला वाटत होतं, आता ही थांबेल, काहीतरी बोलेल.

तिनं घड्याळाकडे पाहिलं.

"चला बाई," ती म्हणाली. "अजून दोन घरं पाह्याचे हायेत."